परळातला वड

"आंधी माहा वड कुठी हाये ते सांग. माह्या हाताचं मंग पाहू."

"तुमचा? देवाचा वड तुमचा कधीपासून झाला, बाई?" भागीरथेनं तांदळाचं टोपलं आपल्याकडं ओढलं. "अन् टोपल्याले हात लावू नका म्हनलं ना! रंभा मोकळी होयेपर्यंत या घरच्या अन्नाले मुळ्या कापनारा हात लागनार नाई. लावाचा असन तं कैची सोडा."

टोपल्याची एक कड मनकर्णेच्या हातात होती, दुसरी भागीरथेच्या. ओढाओढीत मूठभर तांदूळ सारवलेल्या जमिनीवर सांडले. दोघींपैकी एकही ते वेचायला वाकली नाही.

"कैची सोडा नाईतर चूल सोडा. असंच ना?"

"मी नाई म्हनत. वडसा गावचे जोशी म्हनून गेले."

"कधी आले होते जोशी?"

"तुमी मठात होत्या तवा."

"जेवून गेले असतीन."

"मंग काय उपाशी पाठवाचं? वरनभात केला, तूप वाढलं."

"तूप हाये तं घरात," मनकर्णा म्हणाली. "मले वाटलं सरलं."

ओसरीवर गुणवंतराव सुतळी वळत बसला होता. तो मनकर्णेचा दीर, भागीरथेचा नवरा, रंभेचा सासरा आणि या घराचा कर्ता. मनकर्णा लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो नागडा हिंडत होता आणि तिच्याच हातून भात खात होता. आता मिशा पांढऱ्या होत आल्या होत्या, तरी वहिनीशी बोलायचं म्हटलं की त्याची नजर हातातल्या कामावरून वर येत नसे.

"वयनी, आयका तं खरं," तो सुतळीकडं पाहत म्हणाला. "जोश्यानं पोथी पाह्यली. म्हने, या घरच्या कोनीतरी देवाचं झाड बांधून ठेवलं हाये. झाड वाढत नाई, तसंच पोटातलं लेकरू वाढत नाई. दोन गेले ना आपले? आता तिसरं राह्यलं तं त्याले वाचवाचं का नाई? झाड सोडवा म्हने. म्हनून मी अन् लच्छू सकाळी गेलो, वड आनला अन् बोडीच्या पारीवर लावून देल्ला. महाराजांनीच देल्ला. चोरून नाई आनला."

"मी नदीवर धुनं धूत होती तवा."

गुणवंतरावानं सुतळीला आणखी एक पीळ दिला.

"अन् ते बाकीचे चार?"

"वडाचं आंधी होऊ द्या. जोश्यानं वडाचंच नाव घेतलं."

मनकर्णेनं टोपल्याची कड सोडली. टोपलं भागीरथेच्या मांडीवर आदळलं. मनकर्णा पदर खोचून दाराबाहेर पडली, आणि मागून भागीरथा म्हणाली, "तुमाले काय, बाई! तुमचं काई जानार नाई."

हे वाक्य काही नवं नव्हतं. याच वाक्यावर तर मनकर्णा कित्येक वर्षांपूर्वी पहिल्यांदा मठात गेली होती.

मठटोल्याचा मठ म्हणजे वैनगंगेच्या काठावरचा एक मोठा उघडा खडक. त्यावर शंकराचं देऊळ, महाराजांची धुनी, दोन-तीन खोल्या आणि एक गोठा. आत्ताच्या पूरनगिरी महाराजांच्या गुरूंना मठापुढं पंचवटी हवी होती. वड, पिंपळ, बेल, आवळा, अशोक. पण खडकावर माती वीतभरही नाही. लावलेलं रोप चैत्र लागला की काडी होऊन जाई. गुरुमहाराज हट्टी. त्यांनी कुंभाराकडून मोठाली पसरट परळं करून घेतली, त्यांत तळ्याचा गाळ, तुसाची राख आणि विटेचा चुरा घातला आणि पाचही झाडं त्यांत लावली. शेंडे वाकवून, फांद्यांना पळसाच्या दोरीनं दगड टांगून, ती झाडं हातभर उंचीचीच ठेवली. गुरुमहाराज त्यांना वामनवृक्ष म्हणत. गाव म्हणे बुटकी झाडं. ती रोजच मांडवात असत, पण प्रत्येकाला एक दिवस मानाचा होता. शिवरात्रीला बेल धुऊनपुसून चौथऱ्यावर येई, कार्तिकात आवळा, श्रावणातल्या शनिवारी पिंपळ. अशोकाला बिचाऱ्याला हक्काचा दिवस नव्हता, त्याला रामनवमीला मांडून घेत. आणि ज्येष्ठाच्या पुनवेला वड. त्या दिवशी आसपासच्या टोल्यांवरच्या, वाड्यावस्त्यांवरच्या बाया येत. हातभर उंचीच्या, पण खोड म्हाताऱ्या हत्तीच्या पायासारखं झालेल्या, पारंब्या मातीत रुतलेल्या त्या वडाला सूत गुंडाळत आणि त्याच्याभोवती फिरत.

अडचण एकच होती. दर दोन-तीन वर्षांनी मुळं परळात दाटून येत. झाड बाहेर काढून मुळं छाटली नाहीत तर ते गुदमरून मरतं. ती छाटायची कुणी? संन्याशाला हिरवं पान तोडायची बंदी, सगळ्या जीवांना अभय दिलेलं. आणि गावातला कुठला लेकुरवाळा वडा-पिंपळाच्या मुळाला हत्यार लावणार? लावलं की वंश बुडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. गुरुमहाराजांनी बरीच माणसं विचारून पाहिली. तेव्हा मनकर्णेची सासू तिला हाताला धरून मठात घेऊन गेली. नवरा भैयाजी तापानं जाऊन वर्ष झालं होतं, मूलबाळ झालंच नव्हतं. विशीसुद्धा उलटली नव्हती मनकर्णेची.

"हिच्या हातानं कापून घ्या, महाराज," सासू म्हणाली होती. "हिले काई भेव नाई. हिचं जे जाचं ते जाऊन बसलं."

त्याबद्दल मठाच्या शेतातलं गाडीभर धान सुगीला घरी येऊ लागलं. सासू गेली, मालगुजारांचं राज्य गेलं, धान येतच राहिलं. ते सगळ्यांनी खाल्लं. गुणवंतरावाचा लच्छू त्याच धानावर वाढला आणि त्याचं लग्नही त्याच धानावर झालं. मुळ्या कापणाऱ्या हातानं शिजवलेला भात या घराला कधी कडू लागला नाही.

मठात पूरनगिरी महाराज धुनीपुढं बसले होते. मांडवात चार परळं. पाचव्याच्या जागी जमिनीवर एक ओलसर गोल.

"कोनाले इचारून देल्ला, महाराज?"

"माई, संसारी माणसं रडत आली," महाराज म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण कुणी रडलं की त्यांना काही सुचत नसे. "लेकराच्या नावानं मागितलं. नाही कसं म्हणू?"

"परवा पुनव हाये. बाया येतीन. काय पुजतीन त्या? तुमची धुनी?"

"वडाची एखादी फांदी आणून ठेवू."

"तोडनार कोन फांदी? तुमी?"

महाराजांनी चिमटा राखेतून फिरवला.

"इतकी वरसं माह्या हातानं कापून घेतलं," मनकर्णा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तवा पाप एकटीच्या डोक्यावर होतं. आता म्हनतात घरभर सांडलं. तुमच्या पोथीत काय लिवलं हाये? पाप एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर असं उड्या मारत जाते का?"

"तसं नसतं, माई."

"मंग हे तुमी गुनवंताले सांगाचं होतं ना! मले कायले सांगता?"

उत्तराची वाट न पाहता ती बोडीकडं निघाली.

बोडी म्हणजे गावामागचं लहान तळं. ज्येष्ठातलं, म्हणून मध्यभागी थोडा चिखल आणि कडेला भेगा. पारीवर, म्हणजे तळ्याच्या मातीच्या बांधावर, उघड्या उन्हात तो वड उभा होता. भोवती काट्या खोवलेल्या, बुंध्याला हळदकुंकू. मठात जे झाड इतकं पुरातन दिसे, ते इथं कुणीतरी खोवलेल्या डहाळीसारखं दिसत होतं. एक बकरी काट्यांमधून मान घालून पानं ओढत होती. मनकर्णेनं तिला ढेकूळ मारलं.

तिनं खाली बसून बुंध्याजवळची माती बाजूला केली. पहिल्यांदा बोटांनी, मग दोन्ही हातांनी. बोटं कशाला तरी खटकन लागली. तिनं आणखी उकरलं आणि ती तिथंच बसून हसायला लागली. इतकी हसली, की पाणी घेऊन येणारी रंभा बांधाखालीच थबकली.

परळाची कड होती ती. दोघं बाप-लेक वड सोडवायला गेले होते. पण मुळं परळाला घट्ट धरून बसलेली. ओढावं तर तुटतील, परळ फोडावं तर चिरडतील. देवाच्या वडाचं मूळ आपल्या हातून तुटलं तर? म्हणून त्यांनी खड्डा खणला, वड परळासकट त्यात ठेवला, वरून माती लोटली, नारळ फोडला आणि घरी आले.

"मोठमाय, काय झालं?" रंभेनं घाबरून विचारलं. लच्छूची बायको ती. डोक्यावर भरलेली घागर, पोटाचा पाचवा महिना. चढ चढताना तिला धाप लागली होती.

"तुले कोनं सांगतलं भरली घागर घेऊन पारीवर चढाले?"

"जोश्यानं. पोटुशीनं सोताच्या हातानं पानी घालाचं म्हने. रोज. बोडीत पानी नाई, तं विहिरीवरून आनली."

मनकर्णेनं उठून घागर उतरवून घेतली. तिला खाली बसवलं आणि परळाची कड दाखवली. रंभेनं त्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिचा चेहराच पडला.

"म्हंजे सुटलाच नाई?"

"नाई."

"मंग तुमी सोडवा ना, मोठमाय." तिनं मनकर्णेचा मातीनं भरलेला हात धरला. "त्याइले भेव वाटते. तुमाले नाई वाटत. तुमी परळ फोडा, मुळ्या मोकळ्या करा. माह्यासाठी. हे बी गेलं तं मी जगत नाई."

रंभा भागीरथेसारखी बोलली असती तर मनकर्णेला सोपं गेलं असतं. पण ही पोर खरंच घाबरली होती. तिची पहिली दोन्ही बाळं वेळेच्या फार आधी आली होती, ओंजळीत मावतील एवढी. दोन्ही कपड्यात गुंडाळून नेली ती मनकर्णेनंच. घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात पुढं झाला नव्हता.

मनकर्णेनं वडाकडं पाहिलं. परळ फोडणं कठीण नव्हतं. एक दगड पुरला असता. पण या उन्हात मोकळ्या केलेल्या मुळांचा वड पुनवेपर्यंतही टिकला नसता.

"भेव मले बी वाटलं होतं," ती म्हणाली. "पहिल्यांदा कापलं तवा पांढरा चीक आला, दुधावानी. मी गोठ्यामांगं जाऊन ओकली. अन् दुसऱ्या टायमाले... सांगू? रागानं कापलं. ज्यानं माहं सारं नेलं त्याच्या झाडाच्या मुळ्या तोडून राह्यली म्हनलं, पाहू काय करते. काई केलं नाई त्यानं. महिन्याभरात नवी पानं काढली. मंग राग कुठवर ठेवाचा?"

रंभा ऐकत होती, पण तिचं मन त्यात नव्हतं. "लेकरू बुटकं होईन का, मोठमाय?"

मनकर्णेनं तिच्या मनगटाकडं पाहिलं. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. लग्नात त्या साबण लावून चढवल्या होत्या.

"सकाळपासून काय खाल्लं?"

"आंबील."

"किती?"

"वाटी."

"वाटीभर का अर्धी वाटी?"

रंभा बोटानं माती उकरू लागली.

"काल राती?"

"भाताचा एक घास अन् चटनी. सासूबाई म्हनतात, पोटुशीनं पोटभर खाल्लं का लेकरू मोठं होते, मंग आडते. लहान लेकरू लवकर सुटते. पहिल्या दोन्ही टायमाले बी तसंच..."

बोलता बोलता ती थांबली. मनकर्णेनं तिच्या मनगटावरची बांगडी फिरवून पाहिली. तिनं या पोरीचं ताट कधी पाहिलंच नव्हतं. विधवा बाई सगळ्यांच्या मागून, चुलीकडं तोंड करून जेवायची. वाढणं भागीरथेकडं होतं, सासू गेल्यापासून. शिजवायचं मनकर्णेनं, वाढायचं भागीरथेनं. कुणाच्या ताटात किती पडतं, हे मनकर्णेला पातेलं घासतानाच कळायचं, आणि अलीकडं पातेल्यात भात उरत होता.

म्हणजे लेकरू बुटकं होऊ नये म्हणून वड सोडवायचा, आणि लेकरू लहानच राहावं म्हणून आईचा घास तोडायचा. आणि एका घरात दोन्ही चाललेलं कुणालाच खटकत नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली.

"वड?"

"वड माह्यासंग येते. तू बी ये."

"पन लेकरू? मले भेव वाटते, मोठमाय."

"वाटते तं वाटू दे. भेव वाटलं तरी खाता येते."

तिनं काट्या उपटल्या, परळाखाली हात घालून तो वर ओढला, पदराची चुंबळ करून डोक्यावर घेतला. घागरीतलं पाणी अर्धं वडाला घातलं, अर्धं ओतून दिलं आणि रिकामी घागर रंभेच्या हातात दिली. गावाबाहेरून दुसरी वाट होती, आडोशाची. मनकर्णा मात्र गावाच्या मधूनच गेली. भर दुपारी, डोक्यावर वड, कानांवर माती ओघळतेय. पिंपळाखाली पत्ते खेळणारे टाकायचं पान तसंच वर धरून बसले. डोमा तेल्याची म्हातारी दारातून ओरडली, "मनकर्णे, आता वड घेऊन कुठी चालली वं?"

"घरी!" मनकर्णा म्हणाली आणि मठाकडं वळली.

मठात दुपारचा भात धुनीशेजारी शिजलेला होता. वड जागेवर ठेवून तिनं ओल्या फडक्यानं त्याचं खोड पुसलं, बकरीनं चावलेली पानं खुडली. मग हात धुतले, पळसाचं पान मांडलं, रंभेला बसवलं आणि त्यावर भात घातला, डाळ घातली. रंभेनं आधी रस्त्याकडं पाहिलं. मग मनकर्णेच्या हाताकडं. नखांत अजून पारीची काळी माती होती. पोरीनं डोळे मिटले, पहिला घास तोंडात टाकला आणि मग मान वर केलीच नाही. मनकर्णेनं दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. महाराज देवळाच्या कळसाकडं पाहत होते. काही वेळानं ते आपणहून उठले, आतून दह्याचं मडकं आणलं आणि पानाजवळ ठेवून गेले.

दोघी घरी पोचल्या तेव्हा बातमी आधीच पोचलेली होती. लच्छू अंगणात उभा होता, कुऱ्हाड हातात, पण लाकडं फोडत नव्हता. गुणवंतराव ओसरीवरच होता. भागीरथा चुलीपुढं. भाताला कढ आलेला होता.

"आनला परत?" भागीरथा म्हणाली. "माह्या नातवाच्या जिवावर उठल्या तुमी, बाई. काऊन? तुमाले नाई झालं म्हनून?"

"भागीरथे!" गुणवंतराव म्हणाला.

"बोलू दे तिले," मनकर्णा म्हणाली. ती मोरीवर पाय धूत होती. "लच्छू, गुनवंता, वड सोडवला ना तुमी? परळ कोनी काढलं खालून?"

लच्छूनं बापाकडं पाहिलं. बापानं सुतळी हातात घेतली.

"जमिनीत पुरला अन् म्हने सुटला," मनकर्णा म्हणाली. "मुळीले हात लावाची छाती एकाची नाई."

"तुमाले हाये छाती तं ठेवा तुमच्याजवळ!" भागीरथा ओरडली. "पोरीले मठात नेऊन बकाबका चारलं म्हनते डोमाची म्हातारी. लेकरू मोठं झालं अन् आडलं तं? लच्छूच्या टायमाले मी मरत होती. तुमाले काय मालूम, कसं असते ते!"

"मालूम हाये. तुहं डोकं माह्या मांडीवर होतं. अन् ओंजळीएवढे दोन मातीत ठेवून आली, ते बी मालूम हाये. एक बी आडलं नाई त्याच्यातलं."

 चुलीवर भात उतू जाऊन विस्तवावर चरचरला, तरी भागीरथा हलली नाही. रंभा दाराशी उभी होती, पोटावर हात ठेवून. लच्छू एकदम आईला म्हणाला, "माय, किती वाढत होती तू तिले?"  भागीरथेनं डोळ्याला पदर लावला, पण कशासाठी, ते तिलाच कळत नसावं.

मनकर्णा आत आली. फडक्यानं भाताचं पातेलं उतरवलं आणि वाढायचा पळा भागीरथेच्या गुडघ्याजवळून उचलला.

"वयनी," गुणवंतराव ओसरीवरून म्हणाला, "जोशी इचारन तं काय सांगाचं?"

"जोश्याले काई सांगू नोका. तुमी आयका. वड मठात हाये अन् मठातच राहीन. परवा बाया पुजतीन, अन् पुनव झाली का मी त्याच्या मुळ्या कापीन. भात आजपासून मी वाढीन. पह्यलं ताट रंभेचं, पोटभर. माह्या हातचं ज्याले चालत नाई त्यानं आपली चूल दुसरीकडं मांडावी."